फुप्फुसात पांढऱ्या पेशींची एवढी दाटी, तरी जंतू मरत का नाहीत?

उपनगरकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पेशी, जनुक, प्रथिन हे शब्द मला परके नाहीत, तरीही गेल्या महिन्यापासून एक अहवाल माझ्या टेबलावर पडून आहे आणि तो मला नीट उलगडत नाही. म्हणून हा प्रश्न.

माझी भाची ९ वर्षांची आहे. तान्ही असल्यापासून तिला खोकला, वर्षातून तीन-चारदा न्यूमोनिया, पोटभर जेवूनही अंगी न लागणे आणि तेलकट, उग्र वासाची शी असा त्रास आहे. इथे एकदा दमा म्हणून आणि एकदा, बेडक्यात काहीही सापडलेले नसताना, क्षयरोग म्हणून सहा महिने औषधे झाली. ती पाळण्यात असताना तिची पापी घेतली की माझी आई म्हणायची, "पोरगी खारट लागते गं!" पुढे मे महिन्यात अंगणातून खेळून आली की तिच्या कपाळावर मिठाची पांढरी रेघ उमटलेली मी स्वतः पाहिली आहे. या दोन्ही गोष्टी आम्ही घरी कौतुकाने सांगत राहिलो; डॉक्टरांना सांगण्यासारखे त्यात काही आहे, हे विज्ञानाच्या मास्तरालाही सुचले नाही. अखेर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला गेलो, तिथे घामाची चाचणी झाली, क्लोराइड ९४ आले आणि सिस्टिक फायब्रोसिस हे नाव घरात शिरले. माझ्या बहिणीचे लग्न आमच्या आत्याच्या मुलाशी झालेले आहे, त्यामुळे हा आजार दोन्ही बाजूंनी कसा आला, हे मला कळते.

न कळणारी गोष्ट पुढे आहे. मुंबईत ब्राँकोस्कोपी करून फुप्फुसात थोडे सलाइन सोडले, परत ओढून घेतले आणि त्यातील पेशी मोजल्या. अहवालात न्यूट्रोफिल ८१ टक्के, मॅक्रोफेज १४ टक्के, लिम्फोसाइट ५ टक्के असे या पांढऱ्या पेशींचे प्रमाण लिहिले आहे आणि कल्चरमध्ये सूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू वाढला आहे. न्यूट्रोफिल जंतू गिळून मारतात, असे मी दरवर्षी आठवीच्या वर्गात सांगतो. मग इतके न्यूट्रोफिल हजर असताना हा जंतू जिवंत राहतोच कसा? नातेवाईक म्हणतात, पोरीची प्रतिकारशक्ती कमी आहे, गुळवेलीचा काढा सुरू करा. तिथले डॉक्टर म्हणाले, "प्रतिकारशक्ती कमी नाही, तीच फुप्फुस खाते आहे," आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात का? दोष पेशींतच आहे, की चांगल्या पेशी वाईट जागी अडकल्या आहेत? आणि फुप्फुसाच्या सगळ्याच आनुवंशिक आजारांत असेच घडते का?

वायुकोश

उपनगरकर, मी नाशिकमध्येच छातीच्या विकारांवर उपचार करतो. आपल्या भाचीला मी तपासलेले नाही, त्यामुळे उपचारांबद्दल तिच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा मानावा; मी केवळ अहवालाचा अर्थ सांगतो.

धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाच्या फुप्फुसातून असे पाणी काढले, तर त्यात मॅक्रोफेज ८५ टक्क्यांहून अधिक, लिम्फोसाइट साधारण १० ते १५ टक्के आणि न्यूट्रोफिल ३ टक्के किंवा त्याहूनही कमी असतात. आपल्या हातातला अहवाल म्हणजे हे चित्र उलटे टांगलेले आहे. मॅक्रोफेज हे फुप्फुसाचे कायमचे रहिवासी असतात. उंदरांवरील अभ्यासांतून दिसते, की त्यांच्या पूर्वज पेशी जन्माआधीच फुप्फुसात येऊन बसतात, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पक्व होतात आणि पुढे तिथल्या तिथे विभागून आपली संख्या राखतात. धूळ, मेलेल्या पेशी, जुने झालेले सर्फॅक्टंट (वायुकोश, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या पिशव्या, मिटू न देणारा साबणासारखा थर), चुकून आत गेलेला एखादा जंतू हे सारे ते गाजावाजा न करता उचलतात. न्यूट्रोफिलचे तसे नाही. अस्थिमज्जा ते रोज सुमारे १०० अब्ज तयार करते, रक्तातील त्यांचे आयुष्य तासांत मोजावे इतके लहान असते आणि बोलावणे आल्याखेरीज ते वायुमार्गात उतरत नाहीत. बोलावणे आल्यावर मात्र ते जंतू मारून स्वतःही मरतात आणि मॅक्रोफेज त्यांची प्रेते उचलतात, तेव्हा कुठे दाह शमतो. सारा प्रश्न या शमण्याचा आहे.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ७ व्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकात बिघाड असतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यापासून बनणारे प्रथिन हे पेशीच्या पडद्यातील एक दार असून त्यातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट जातात. घामाच्या ग्रंथीत हे दार क्लोराइड परत आत घेण्याचे काम करते, म्हणून ते बंद असले की घाम खारट होतो. आपल्या आईंच्या जिभेने निदान नऊ वर्षे आधीच केले होते. श्वासनलिकेत दार बंद असल्यामुळे वरचा पाण्याचा पातळ थर आटतो, कफ चिकट होऊन पेशींना लिंपून बसतो आणि तो वर ढकलणारे रोमक, म्हणजे पेशींवरचे हलणारे सूक्ष्म केस, त्याच्याखाली दबतात. जंतू या कफात घर करतात, अस्तराच्या पेशी इंटरल्युकिन-८ नावाचा संदेश सोडत राहतात आणि त्या हाकेला न्यूट्रोफिल धावून येतात.

आल्यावर ते दोन कारणांनी हतबल होतात. पहिले कारण जागेचे. जंतू घट्ट कफाच्या गोळ्यात, आपल्याच चिकट आवरणात वसाहत करून असतात. न्यूट्रोफिलना ते एकेक करून गिळता येत नाहीत. त्यातच गोळ्यातील प्राणवायू संपत आलेला असतो, कारण तो या न्यूट्रोफिलनीच वापरून टाकलेला असतो. सूडोमोनास मात्र प्राणवायूवाचूनही तग धरतो. दुसरे कारण त्यांच्या शस्त्राचे. न्यूट्रोफिलमध्ये इलास्टेज नावाचे प्रथिन कापणारे विकर असते. पेशीच्या आत ते जंतूवर चालते, बाहेर सांडले तर फुप्फुसावर चालते. थोडे सांडले तर आवरण्यासाठी शरीराकडे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि तत्सम प्रथिने असतात, पण इथे सांडणे इतके अखंड असते की ती पुरी पडत नाहीत. मोकाट इलास्टेज श्वासनलिकेच्या भिंतीतील लवचीक तंतू कापते, अस्तराला आणखी कफ आणि आणखी इंटरल्युकिन-८ तयार करायला भाग पाडते, न्यूट्रोफिलच्या स्वतःच्या पृष्ठभागावरील जंतुनाशाला उपयोगी पडणारा सीएक्ससीआर-१ हा ग्राहक (संदेश झेलणारे प्रथिन) तोडून टाकते आणि मेलेल्या पेशी ओळखून उचलण्याची मॅक्रोफेजची पकडही ढिली करते. प्रेते उचलली जात नाहीत, ती तिथेच फुटतात आणि त्यांच्या पोटातले इलास्टेज पुन्हा बाहेर येते.

म्हणून आपल्या डॉक्टरांचे विधान खरे आहे आणि नातेवाइकांचे चुकीचे. रक्तातील पांढऱ्या पेशी मोजल्या, प्रतिपिंडे मोजली, तर ती या मुलीत बहुधा व्यवस्थितच निघतील. तिची प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नेमके काय वाढवायचे, हा प्रश्न काढा देणाऱ्याला विचारून पाहावा. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये यकृत आधीच अडचणीत येऊ शकते, त्यामुळे हा काढा मी देऊ देणार नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची जन्मजात कमतरता पाहा. स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिकसन यांनी १९६३ मध्ये ती ओळखली. तिथे न्यूट्रोफिलही चांगले आणि कफही साधा, पण यकृतात बनणारे हे प्रथिन झेड प्रकारच्या दोषामुळे यकृताच्या पेशींतच गुंतून पडते आणि फुप्फुसापर्यंत जेमतेम पोचते. हत्ती तोच, माहूतही तोच, अंकुश तेवढा हरवलेला. त्यात विडी-सिगारेट ओढली तर उरलेसुरले प्रथिनही धुराने निकामी होते आणि ऐन चाळिशीत वायुकोशांच्या भिंती विरून जातात. हा झेड दोष युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळतो, आपल्याकडे विरळा. रोमकांच्या जन्मजात दोषात न्यूट्रोफिल साठण्याचे चित्र आपल्या भाचीसारखेच दिसते, पण कारण निराळे असते: तिथे कफ वाहून नेणारे रोमकच नीट हलत नाहीत. अशा सुमारे निम्म्या रुग्णांचे हृदय उजवीकडे असते, आणि एक्स-रे उलटा लावला की काय, असे वाटून तंत्रज्ञ तो फिरवून पाहतो.

काचपट्टी

वायुकोश यांनी सांगितले ते मी रोज डोळ्यांनी पाहते, म्हणून दोन शब्द. मी एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पेशीविज्ञानाचे काम करते.

असा नमुना आला की आम्ही तो फिरवून पेशी काचपट्टीवर बसवतो आणि लीशमनने रंगवतो. निरोगी फुप्फुसातील मॅक्रोफेज टपोरे, गोल, भरपूर अंगाचे असतात. त्यांच्या पोटात शहरी माणसाच्या बाबतीत काळे कण दिसतात. सिस्टिक फायब्रोसिसच्या नमुन्यात पेशी मोजणेच मुळात जिकिरीचे होते, कारण अर्ध्या पेशी पेशी राहिलेल्या नसतात. केंद्रक फुटून त्यातील डीएनएचे जांभळे धागे पट्टीभर ओढले गेलेले असतात, जणू कोणी जिलबीचे पीठ सांडून त्यावरून बोट फिरवले आहे. बेडका चिकट होण्याचे मोठे कारण हे धागे आहेत; केवळ कफाला दोष देऊन भागत नाही. काही न्यूट्रोफिल मरताना, किंवा मरायचे ठरवून, आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. जंतू अडकावा हा हेतू असतो, पण इथे जंतूऐवजी श्वास अडकतो. आपल्या भाचीला नेब्युलायझरमधून डॉर्नेज अल्फा दिले असेल, तर ते नेमके हेच धागे कापते. ते १९९३ पासून वापरात आहे. गंमत अशी, की सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या ब्राँकिएक्टेसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या विकाराच्या) रुग्णांना ते दिले तेव्हा फायदा न होता अपायच दिसला. बेडका सारखा दिसला म्हणून उपचार सारखा होत नाही.

आणि एक. बेडक्याचा हिरवा रंग पाहून घरचे लोक "जंतू वाढले" म्हणतात. तो हिरवेपणा प्रामुख्याने न्यूट्रोफिलमधील मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा असतो. त्यात लोह असते. म्हणजे वाटीत आपण जे पाहतो ते शत्रूपेक्षा आपलेच सैन्य अधिक असते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचा नमुनाही मी एकदाच, पण विसरणार नाही असा पाहिला. एका लहान मुलाच्या फुप्फुसातून धुऊन काढलेले पाणी बाटल्यांतून ओळीने मांडले होते. पहिली बाटली थेट दुधासारखी, तळाशी साय बसावी तसा गाळ, पुढची ताकासारखी, आणि शेवटच्या दोन-तीन जवळजवळ नितळ. हा वायुकोशांत सर्फॅक्टंट साठण्याचा आनुवंशिक आजार होता, पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. त्यात न्यूट्रोफिलची गर्दी नव्हतीच. मॅक्रोफेज होते, पण फुगलेले, फेसाळ, पोटात चरबीचे थेंब घेऊन बसलेले. जीएम-सीएसएफ नावाचा संदेश मिळाल्याशिवाय वायुकोशातील मॅक्रोफेज वयातच येत नाहीत, आणि या मुलात तो संदेश ऐकणाऱ्या ग्राहकाचेच जनुक, सीएसएफ२आरए, बिघडलेले होते. सर्फॅक्टंट तयार होत होते, पण पचवायला कोणी नव्हते. तिथे पेशीतच दोष होता, हे आपल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर.

निफाडचा बागायतदार

मी डॉक्टर नाही, द्राक्षबाग करतो. माझ्या ६ वर्षांच्या मुलाचा आजार आपल्या भाचीच्या आजारापेक्षा वेगळा आहे, पण प्रश्न तोच असल्याने लिहितो. त्याच्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. तो मूळचा रक्तपेशींचा आजार असला, तरी त्याचा पहिला मार फुप्फुसावरच बसतो.

बाळ दीड महिन्याचे असताना बीसीजीची लस दिल्यावर काखेत गाठ आली आणि ती पिकून महिनोन्‌महिने वाहत राहिली. तेव्हा "होते असे काही मुलांना" म्हणून सोडून दिले गेले. तीन वर्षांचा असताना आम्ही छाटणीची काडी आणि शेणखत यांचा खड्डा उकरत होतो, तो शेजारी बसून मातीत खेळत होता. आठवड्याभरात त्याला असा ताप आणि धाप भरली की रातोरात नाशिकला आणले. फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी निघाली. सडणाऱ्या काडीकचऱ्यात ती असतेच. तुमच्या-माझ्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलनी ती रोज मारलेली असते, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

पुढची तपासणी मुंबईत परळला, केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत झाली. तिथल्या मॅडमनी आम्हाला तिघांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले. न्यूट्रोफिल चेतवले की ते प्राणवायूपासून एक मारक रसायन बनवतात आणि त्यामुळे त्यांतला रंग चमकतो, अशी ती चाचणी आहे. माझा डोंगर चेतवल्यावर सरकून उजवीकडे गेला होता. मुलाचा जागचा हललाच नव्हता. आणि माझ्या पत्नीच्या आलेखात दोन डोंगर होते, एक हललेला आणि एक न हललेला. दोष एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो, म्हणून तिच्या काही पेशी चालतात आणि काही चालत नाहीत, असे त्यांनी समजावले. ती त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. दोष कोणाकडून आला, हे आलेखावर इतके स्पष्ट दिसायला नको होते.

मी ते माझ्या भाषेत असे समजून घेतले: पंप चालू आहे, पाइप आहे, नोझल पानापर्यंत पोचते आहे, फवाराही उडतो आहे, पण टाकीत औषधच घातलेले नाही, नुसते पाणी आहे. आपल्या भाचीच्या बाबतीत औषध आहे, पण वेली इतक्या दाटल्या आहेत की ते भुरी या बुरशीपर्यंत पोचत नाही आणि पानेच जळतात. आता मुलाला रोज दोन औषधे चालू आहेत, एक जंतूंसाठी आणि एक बुरशीसाठी, आणि खताच्या खड्ड्यापासून त्याला लांब ठेवतो. बहिणीची अस्थिमज्जा त्याला जुळली आहे. तेवढेच.

प्रथिनघडी

निफाडच्या दादांची उपमा अचूक आहे आणि तिच्यातूनच माझा आक्षेप निघतो. मी पुण्यात संशोधन करते. रुग्ण पाहत नाही. वायुकोश सरांच्या मांडणीत क्रम असा आहे, की आधी कफ, मग जंतू, मग पेशी. आणि पेशी स्वतः निर्दोष. माझ्या मते हे दोन्ही पूर्णपणे बरोबर नाही.

पेशींचे आधी घेते. सीएफटीआर हे दार केवळ अस्तराच्या पेशींत नसते, ते न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांच्यातही थोड्या प्रमाणात असते. न्यूट्रोफिल जंतू गिळतो तेव्हा पोटातील पिशवीत क्लोराइड आणतो आणि काचपट्टी ताईंनी उल्लेखलेले मायलोपेरॉक्सिडेज त्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवते, म्हणजे आपण पाण्याच्या टाकीत घालतो त्या ब्लीचिंग पावडरच्या जातीचेच द्रव्य. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये या पिशवीत क्लोराइड कमी पोचते आणि हे आम्ल कमी बनते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मॅक्रोफेजही जंतू मारण्यात कमी पडतात आणि दाहाचे संदेश मात्र गरजेपेक्षा जोरात सोडतात. बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा जंतू मातीत, पाण्यात असतो आणि निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. तो सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना आणि दादांच्या मुलासारख्या मुलांना, अशा दोन्ही ठिकाणी गाठतो. हा योगायोग मला नेहमी बोलका वाटत आला आहे, जरी दोन्हीकडे तो आत शिरण्याची वाट वेगळी असली तरी.

आता क्रमाचे. ऑस्ट्रेलियात जन्मतःच निदान झालेल्या बाळांची फुप्फुसे ३ महिन्यांच्या वयापासून धुऊन पाहिली गेली. ज्या बाळांच्या पाण्यात त्या वयात इलास्टेज सापडले, त्यांच्यात ३ वर्षांच्या वयापर्यंत श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा धोका लक्षणीय वाढलेला होता. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरून धडधाकट दिसणारी, खोकलाही नसलेली बाळे त्यांत होती. संसर्ग सापडण्याआधीच दाह असतो का, यावर प्राण्यांनी परस्परविरोधी साक्षी दिल्या आहेत. सीएफटीआर नसलेली डुकराची पिल्ले जन्मताना दाहमुक्त होती, पण त्यांच्या श्वासनलिकेतील द्रव बायकार्बोनेटअभावी आम्लधर्मी असल्याने जंतू मारायला कमी पडत होता. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या पिल्लांना मात्र जन्मापासून प्रतिजैविके देऊन जंतू आवरले, तरी दाह आणि कफ झालाच. म्हणून क्रम सरळ रेषेत सांगण्याचे मी टाळते.

वायुकोश

आक्षेप मान्य आहे. बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत सांगायची गोष्ट घासून घासून सोपी होते आणि मग आपल्यालाही तीच पूर्ण वाटू लागते. तरीही रुग्णाच्या बाजूने पाहता, पेशींतील आतला दोष हा जोडीचा मानावा आणि कफाचा दोष मुख्य, असे माझे मत कायम आहे; कारण या मुलांना त्वचेवर, हाडांत, यकृतात गळवे होत नाहीत, जी दादांच्या मुलासारख्या मुलांना होतात. पेशी मुळातूनच निकामी असती, तर संसर्ग फुप्फुसापुरता थांबला नसता.

उपनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. काढ्याचे पातेले काल मी स्वतः रिकामे केले. आईशी थोडे वाजले. दोन शंका उरतात. न्यूट्रोफिलच नासधूस करत असतील, तर ते कमी करणारे औषध, उदाहरणार्थ स्टेरॉइड, का देत नाहीत? आणि भाचीला ४ वर्षांचा धाकटा भाऊ आहे, त्याला अजून तरी काही त्रास नाही. त्याचे काय?

वायुकोश

पहिली शंका रास्त आहे आणि ती अनेकांना येऊन गेली आहे. दिवसाआड प्रेडनिसोलोन देऊन पाहिले, तेव्हा फुप्फुसाची घसरण मंदावली, पण मुलांची उंची खुंटली; त्यामुळे ते रोजचे औषध होऊ शकले नाही. मोठ्या मात्रेतील आयब्युप्रोफेनने १९९५ च्या एका चाचणीत मुलांमध्ये चांगला परिणाम दाखवला, पण रक्तातील पातळी सतत मोजावी लागते आणि जठर-मूत्रपिंडाची भीती राहते. न्यूट्रोफिलना हाक मारणारा ल्युकोट्राइन बी-४ हा संदेश थेट अडवणाऱ्या अमेलुबंट या औषधाची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या प्रौढांत छातीचे गंभीर बिघाड वाढले. नासधूस करणारे न्यूट्रोफिल जंतूंना थोपवूनही धरत होते, हे त्यातून कळले. सध्या सूडोमोनास असलेल्या मुलांना आठवड्यातून तीनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन देण्याची पद्धत आहे. ते जंतू मारण्यापेक्षा दाह उतरवण्यासाठी असते. मात्र ते सुरू करण्याआधी बेडक्यात क्षयाच्या जातकुळीतील इतर मायकोबॅक्टेरिया नाहीत, याची खात्री करून घ्यावी, कारण ते असताना हे एकटे औषध दिल्यास त्यांना त्याची सवय होते.

मुळावर घाव घालणारी औषधे सीएफटीआरचे दारच दुरुस्त करतात. एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयवाकाफ्टर हे त्रिकूट अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. ते घेणाऱ्यांच्या बेडक्यातील इलास्टेज उतरते, पण ज्या नळ्या आधीच रुंदावल्या आहेत तिथला दाह पूर्णपणे जात नाही. ही औषधे कोणते उत्परिवर्तन आहे यावर अवलंबून असतात. एफ५०८डेल हा पाश्चात्य देशांतील सर्वांत मोठा दोष भारतीय रुग्णांत तुलनेने कमी आढळतो, तेव्हा भाचीचा जनुकीय अहवाल हातात असल्याशिवाय यावर पुढे बोलण्यात अर्थ नाही. तो मागून घ्यावा. औषधे महाग आहेत. दुर्मिळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखालील केंद्रांपैकी केईएम हे आपल्याला जवळचे आहे, तिथे चौकशी करावी. तोवर दिवसातून दोनदा छातीचा व्यायाम, खारट पाण्याची वाफ नेब्युलायझरमधून, स्वादुपिंडाची विकरे आणि उन्हाळ्यात मीठ. कंटाळवाणे आहे, पण न्यूट्रोफिल जिथे अडकून फुटतात तो कफ बाहेर काढण्याचा उपाय तोच.

धाकट्याची घामाची चाचणी आताच करावी, त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. आई-वडील दोघेही वाहक असल्याने प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही, वाढतही नाही. क्लोराइड ३० च्या खाली आले तर आजाराची शक्यता फार कमी. ३० ते ५९ आले तर जनुकीय तपासणी. ६० किंवा अधिक आले तर निदान जवळजवळ पक्के.

काचपट्टी

चाचणीच्या दिवशी त्याला भरपूर पाणी पाजून न्यावे आणि हाताला तेल किंवा क्रीम लावू नये. घाम पुरेसा जमला नाही म्हणून चाचणी पुन्हा करावी लागण्याचे प्रसंग बरेच येतात, आणि मग मुंबईची दुसरी फेरी पडते.

उपनगरकर

कळवायला उशीर झाला. धाकट्याची चाचणी मंगळवारी झाली, क्लोराइड १८ आले. काचपट्टी ताईंच्या सांगण्याप्रमाणे गाडीत त्याला इतके पाणी पाजले की कल्याणपर्यंत तीनदा त्याला घेऊन उठावे लागले. भाचीचा जनुकीय नमुना त्याच दिवशी दिला आहे. अहवालाला काही आठवडे लागतील असे म्हणाले. आला की याच धाग्यात लिहीन.